मंगळावरच्या रोव्हरला मोटारीसारखे हवेचे टायर का बसवत नाहीत?

मंगळावरची हवा विरळ असल्यामुळे टायर फुटेल, म्हणून रोव्हरला धातूची चाके देतात का, असे आपण विचारले आहे. हे कारण बऱ्याच ठिकाणी सांगितले जाते, पण ते फारसे टिकत नाही. मोटारीच्या टायरमधला दाब बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ३२ पीएसआयने (पीएसआय हे दाब मोजण्याचे एकक) जास्त असतो. मंगळावर बाहेरचा दाब जवळपास नाहीसा झाला, तरी या फरकात १५ पीएसआयचीही भर पडणार नाही. अपोलो १४ च्या अंतराळवीरांनी १९७१ मध्ये चंद्रावर ओढत नेलेल्या हातगाडीला तर नायट्रोजन भरलेले रबरी टायरच होते.

खरी अडचण थंडीची आहे. मंगळावर रात्री तापमान शून्याखाली ८० अंशांच्याही खाली उतरते आणि तेवढ्या गारठ्यात टायरचे नेहमीचे रबर कडक व ठिसूळ होते. हळूहळू झिरपून जाणारी हवा पुन्हा भरायलाही तिथे कोणी नाही. शिवाय हवेचा टायर मुख्यतः वेगात बसणारे हादरे शोषण्यासाठी असतो, आणि नासाची मंगळावरची रोव्हर क्युरिऑसिटी सेकंदाला जेमतेम चार सेंटिमीटर सरकते.

तिचे प्रत्येक चाक अ‍ॅल्युमिनियमच्या एकाच ठोकळ्यातून कोरून काढलेले, ५० सेंटिमीटर व्यासाचे आहे. आतले टायटॅनियमचे बाकदार आरे स्प्रिंगसारखे दबतात आणि बाहेरचे १९ कंगोरे वाळूत पकड घेतात. कंगोऱ्यांमधला पत्रा मात्र अवघा पाऊण मिलिमीटर जाड आहे, कारण सहा चाकांचा पत्रा किंचित जाड केला तरी वजन किलोंनी वाढते.

हा काटकसरीचा हिशेब महागात पडला. ऑगस्ट २०१२ मध्ये उतरलेल्या या रोव्हरच्या चाकांना २०१३ मध्येच भगदाडे पडू लागली, कारण ती जिथे उतरली त्या गेल विवरातले काही अणकुचीदार दगड जमिनीत इतके घट्ट रुतलेले होते की चाकाखाली ते हलत नव्हते आणि मागची चाके पुढच्या चाकांना त्यांच्यावर रेटत होती. २०१७ मध्ये प्रत्येक चाकाचा वेग जमिनीच्या चढउतारानुसार बदलणारे सॉफ्टवेअर पृथ्वीवरून पाठवून हा रेटा कमी करण्यात आला. नंतरच्या पर्सिव्हिअरन्स या रोव्हरच्या वेळी मात्र वजनाची चैन परवडवून घेतली: तिची चाके थोडी मोठी व अरुंद असून पत्रा जवळपास दुप्पट जाड आहे, आणि कंगोरे १९ ऐवजी ४८ आहेत.