उसातला चर: पाणी जावं, खत राहावं

प्रश्न (शिरोळ तालुक्यातून, दोन-तीन जणांचा सारखाच): काळ्या रानात उसात पाणी साचायचं म्हणून ओढ्यापर्यंत सरळ चर काढला. पाणी निघतं, पण युरिया टाकूनही ऊस पिवळा आणि चराच्या कडा ढासळतात. पाइप टाकून चर बुजवू का?

उत्तर: पाइपची घाई नको. युरियातलं नत्र नायट्रेट होऊन पाण्यात विरघळतं. पाइपातून ते थेट ओढ्यात उतरेल, वाटेत त्याला धरायला ना गवत, ना मुळं. स्फुरद (फॉस्फरस) मात्र मुख्यतः मातीला चिकटून जातं. मोठ्या पावसात चराच्या तोंडाशी काचेच्या बाटलीत पाणी भरा, रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी बसलेल्या गाळात तुमचं डीएपीही (स्फुरदाचं खत) असतं. ओढ्यातली जलपर्णी त्यावरही माजते (गावाचं सांडपाणी आहेच, सगळं खापर शेतावर फोडू नये).

कडा उभ्या म्हणून ढासळतात. काळी माती उन्हात भेगाळते, पावसात फुगते. १ फूट खोलीला दीड-दोन फूट बाहेर, अशा तिरक्या कडा घ्या. तळाला १०० फुटांत ३-४ इंच उतार पुरे. रुंदी परवडत असेल तर तळापासून फूटभर वर दोन्ही बाजूंना पायरी सोडा. अमेरिकेत ओहायो, इंडियानाकडे असे चर काढतात. एरवीचं पाणी मधून जातं. जोराचा पाऊस झाला की ते पायरीवरच्या गवतात पसरतं, मंदावतं आणि गाळ तिथंच बसतो. शिवाय ओल्या, हवा कमी असलेल्या मातीत जिवाणू नायट्रेटचा वायू करून टाकतात.

गवत म्हटलं की हरळीची (रानभर पसरणाऱ्या तणाची) धास्ती, ती रास्तच. म्हणून कडेला वाळा आणि पायरीवर मारवेल लावा. मारवेल कापून म्हशीला घातलं की चरात आलेलं खत गोठ्यातून परत रानात येतं. दरवर्षी जेसीबीनं चर खरवडून चकाचक करायची हौस मात्र सोडा. उन्हाळ्यात फक्त तळाचा गाळ काढा आणि रानाच्या वरच्या अंगाला पसरा.

पाणी मंदावून गाळ अडावा म्हणून तळात अधूनमधून दगडांचे ठेंगणे आडबांध घाला, चराच्या खोलीच्या तिसऱ्या हिश्श्याहून उंच नकोत. रान क्षारपड किंवा चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेलं) असेल तर हे आडबांध अजिबात नकोत, तिथं पाणी वाहतंच राहिलं पाहिजे.

पिवळेपणाचं म्हणाल तर पाण्यात बुडालेली मुळं खत उचलत नाहीत. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र जेमतेम २०-२१ किलो. ते पावसाच्या तोंडावर फोकू नका. वाफसा (माती ओलसर, पण चिखल नाही) येऊ द्या, मग हप्त्याहप्त्यानं मातीआड करा.