घरी गाडीची दुरुस्ती करताना टिकाऊ हातमोजे कोणते घ्यावेत?

घरच्या घरी गाडीची दुरुस्ती करण्यासाठी तळहातावर आणि बोटांवर नायट्राइलचा, म्हणजे एका कृत्रिम रबराचा, थर दिलेले, विणलेल्या नायलॉनचे, हाताला घट्ट बसणारे हातमोजे घ्यावेत. लेटेक्स, म्हणजे नैसर्गिक रबर, इंजिन ऑइल आणि ग्रीस लागल्यावर फुगते, मऊ पडते आणि फाटते. नायट्राइल मात्र तेलापुढे बराच काळ तग धरते, आणि थर खरखरीत असेल तर तेलकट पाना हातातून सहजी निसटत नाही. पाकिटावर ईएन ३८८ हे युरोपीय मानक छापलेले असल्यास त्याखालचा पहिला अंक पाहावा: तो घासले जाण्याला मोजे किती दाद देत नाहीत हे ४ पर्यंतच्या श्रेणीत सांगतो, आणि प्रश्न टिकाऊपणाचा असल्याने ३ किंवा ४ अंकाचाच जोड निवडावा. माप सैल नको. बोटाच्या टोकाशी पोकळी राहिली, की वॉशर किंवा छोटा नट चिमटीत येत नाही आणि माणूस वैतागून मोजे काढूनच ठेवतो. ऑइल बदलताना विणलेली पाठ तेल शोषून घेते, म्हणून तेवढ्या कामापुरते एकदाच वापरायचे जाड नायट्राइलचे मोजे बरे. मात्र चालू इंजिनाचा पट्टा, पंखा किंवा फिरते ड्रिल यांच्याजवळ कोणतेही हातमोजे घालू नयेत. मोजा अडकला तर हातही आत ओढला जातो.