बांधावरची कललेली बाभूळ ट्रॅक्टरने ओढून पाडायची आहे. कोणतं साहित्य घ्यावं?

ट्रॅक्टर ४५ एचपीचा धरून सांगतो. नायलॉनचा दोर नको. तो ताणतो आणि तुटला की चाबकासारखा मागे येतो. साखळीही नको, एक कडी गेली की सगळंच गेलं. १६ मिमी वायररोप (पोलादी तारांचा दोर) घ्या, दोन्ही टोकांना कारखान्यात प्रेस केलेले फासे असलेला. गाठ मारलेल्या दोराची ताकद जवळपास निम्मी होते. लांबी झाडाच्या उंचीच्या दुपटीहून जास्त हवी.

खोडाला ३ टनी (म्हणजे तेवढा भार पेलणारा) पट्ट्याचा स्लिंग, म्हणजे गुंडाळायचा फास, उंचीच्या साधारण दोन-तृतीयांशावर. जोडायला ४.७५ टनी शॅकल (पिनेने बंद होणारी U आकाराची कडी), पिन पूर्ण आवळलेली. ट्रॅक्टर झाड पडण्याच्या रेषेत ठेवायचा नसेल, आणि ठेवूच नये, तर दुसऱ्या भक्कम झाडाला उघडणारी कप्पी लावून दोर वळवा. त्या कप्पीवर ओढीच्या दुपटीपर्यंत भार येतो, म्हणून ती ५ टनीच घ्या. दोराच्या वळणाच्या आतल्या बाजूला कोणीही थांबू नये.

सगळ्यात महत्त्वाचं: दोर खालच्या ड्रॉबारलाच (ट्रॅक्टरमागे ट्रॉली ओढायच्या दांड्याला) अडकवा. टॉपलिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांड्याला) किंवा ॲक्सलच्या वर अडकवला तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर चालकावर उलटतो. सावरायला वेळच मिळत नाही.

दोरावर मधोमध ओलं पोतं टाका. पहिल्या लो गिअरमध्ये फक्त ताण द्या, झटका कधीच नाही. खोडाला पडायच्या बाजूची खाच आणि मागचा काप झाल्यावर, कापणारा बाजूला सरकला की मगच ओढा. जवळ विजेची तार असेल तर आधी महावितरणला कळवून लाईन बंद करून घ्या.