अकोल्याचं ऊन विसर, इथे गाठ घामाशी आहे

बेटा,

तुझा मेसेज वाचून आधी हसले, मग म्हटलं हिला नीट लिहूनच पाठवावं, फोनवर अर्धं ऐकशील आणि अर्ध्यात "हो गं मावशी" म्हणून मोकळी होशील. "मी ४५ डिग्रीत स्कूटी चालवत क्लासला जायची, गोव्याचं ३४ माझं काय वाकडं करणार" असं लिहिलंयस ना, आणि आता इथे रोज मोटरसायकलवरून वेर्ण्याच्या ऑफिसला जातेस, मग तिथूनच सुरू करू. मीही त्याच अकोल्याची, आता फोंड्यात मुरलेली, दोन्हीकडची उन्हं अंगावर घेतलीत, आणि माझं स्पष्ट मत आहे की गोव्याचा उन्हाळा इथल्या पोरींपेक्षा अकोल्याच्या पोरीला जास्त फसवतो. कारण ती आकडा बघते.

आपल्या घरी खिडकीला वाळ्याचा कूलर असतो ना, मे महिन्यातसुद्धा चादर ओढायला लावतो. तोच उचलून आण आणि तुझ्या इथल्या रूमवर लाव, तासाभरात गादी दमट होईल आणि गारवा मात्र काही येणार नाही. कूलर गार करतो कारण त्याच्यातलं पाणी हवेत उडून जातं, आणि इथल्या हवेत आधीच इतकं पाणी भरलंय की अजून उडायला जागा कुठे आहे. तुझं अंग पण असाच कूलर आहे गं. घाम नुसता आल्याने काही होत नाही, तो वाळला तर अंग थंड होतं. अकोल्यात घाम आलेला कळतही नाही, संध्याकाळी कुर्त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेषा दिसल्या की समजतं. इथे तो कोपरावरून हँडलवर टपकतो, आणि टपकलेला घाम म्हणजे पाणी गेलं, मीठ गेलं, गारवा काही मिळाला नाही. ३४ डिग्री आणि ६५ टक्के आर्द्रता असली की अंगाला ते ४३-४४ सारखं लागतं, म्हणजे तू अकोल्यातच आहेस म्हण, फक्त कूलर बंद पडलेल्या अकोल्यात.

आता तुझा तो स्टोल. फोटोत बघितलं, डोळे सोडून सगळं गुंडाळलंयस, वरून सनकोट, हातमोजे. आपल्याकडे ते बरोबरच आहे. कातडीचं तापमान साधारण ३५ असतं आणि बाहेरची हवा ४४, म्हणजे वारा लागला की तो उलट तापवतो, म्हणून झाकायचं, वारा कमी लागू द्यायचा. इथे हवा ३३-३४, कातडीपेक्षा थोडी का होईना थंड, म्हणून वारा आत घ्यायचा. नियम उलटा झाला. हेल्मेटखाली तीन वेढे स्टोल घेतलास तर वेर्णा येईपर्यंत नाकापाशी ओलं फडकं चिकटलेलं असेल आणि श्वास घेताना ते आतबाहेर होत राहील, गुदमरल्यासारखं होतं आणि मग माणूस वाटेतल्या पुलावरच हेल्मेटची काच वर करतो, तेही चूक, समोरच्या टिपरची लाल माती सरळ डोळ्यात. स्टोल घरी ठेव. हेल्मेट आयएसआय मार्कचं, पण पुढे-मागे हवेची भोकं असलेलं, आणि आतलं अस्तर काढून धुता येणारं घे, कारण इथे ते चार दिवसांत आंबतं. खाली पातळ टोपी घालतेस तर दोन घे, एक वाळत टाक. (वाळत टाक म्हणजे पंख्याखाली. दोरीवर टाकून इथे काही वाळत नाही, हे तुला एव्हाना कळलं असेल.)

पण म्हणून बिनबाह्यांच्या टॉपवर निघू नकोस. कळंगुटला भाड्याच्या गाडीवर चड्डी-बनियनवर फिरणारे टुरिस्ट दिसतात, त्यांना बघून वाटतं किती आरामात आहेत. तासाभराने त्यांचे खांदे बघ, आणि जे घसरलेत त्यांचे गुडघे बघ. जाळीचं रायडिंग जॅकेट घ्यायचं, कोपर-खांद्याला पॅड असलेलं, रंग जमेल तेवढा फिका. चालत्या गाडीवर वारा आरपार जातो आणि घाम वाळतो, टी-शर्टपेक्षा बरं वाटतं हे घालून बघितल्याशिवाय पटणार नाही. आत सुती टी-शर्ट नको, सुती भिजलं की भिजलेलंच राहतं, ते जिमचं पातळ ड्रायफिट घाल. जीन्सचंही तेच, आणि जांघेत घासून सोलतं ते वेगळंच. हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते, आत सायकलिंगवाली घट्ट शॉर्ट घाल, ऑफिसला पोचलीस की कोरडे कपडे बदल, आणि ओल्याच्या ओल्या कपड्यात एसीत आठ तास बसू नकोस. घामोळं परवडलं, एकदा गजकर्ण झालं की पावसाळाभर खाजवत बसावं लागतं. आणि ती ऑनलाइन पाण्यात भिजवून घालायची कूलिंग व्हेस्ट मिळते ना, इथे पैसे वाया, ती पण कूलरच.

यातूनच पुढची गोष्ट निघते. गोव्यात गाडी पळते तोवर ठीक, थांबली की खेळ संपला. तुझ्या रस्त्यात बोरीचा पूल आहे. तो अरुंद, त्यावर एखादा ट्रक अडला की दोन्हीकडे रांग लागते, खाली झुआरी एवढी मोठी पण वाऱ्याची झुळूक नाही, पायाखाली तापलेलं इंजिन, बाजूला बसचा धूर, आणि त्या दहा मिनिटांत जेवढी दमशील तेवढी पुढच्या सगळ्या लोटलीच्या रस्त्यात दमणार नाहीस. म्हणून वेळ साध. सकाळी अर्धा तास आधी निघ, ऑफिसात जाऊन चहा पी. रांगेत अडकलीस तर इंजिन बंद कर, तुझी एअर-ऑइल कूल्ड आहे, तिलाही वाराच लागतो, रेडिएटर-पंखा असली भानगड तिला नाही. आणि आपले पायलट बघ, भाड्याने मोटरसायकलवर माणसं सोडणारे, ते पिवळ्या मडगार्डवाले, दुपारी उन्हात गाडी उभी करून ठेवलेला पायलट दाखव मला. झाड सापडलं की तिथे स्टँड, सीटवर पुठ्ठा, आणि गिऱ्हाईक आलं की मगच उन्हात. पोटासाठी रोज दुपारी गाडी चालवणाऱ्या माणसांकडून हे शिकायचं, यूट्यूबवरून काय शिकतेस. वेर्ण्याचं पठार तर उघडं, नुसता जांभा दगड, सावली म्हणून नाही, तिथे पार्किंगमध्ये झाड मिळालं नाही तर सीटवर काहीतरी टाकून जा, नाहीतर संध्याकाळी बसताना किंचाळशील.

अजून एक, तू म्हणतेस मे सगळ्यात वाईट असणार. उकाड्याला मे वाईटच, पण पारा इथे बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्येच उडी मारतो. जमिनीवरून येणारे कोरडे पूर्वेचे वारे जोर धरतात आणि दुपारचा खारा वारा उशिरा येतो किंवा येतच नाही, तेव्हा ३७-३८ होतं. किनारपट्टीवर उष्णतेची लाट धरायला हवामान खात्याला ३७ पुरतं, शिवाय नेहमीपेक्षा साडेचार डिग्री जास्त पाहिजे, मैदानात तीच अट ४० ची आहे. मार्च २०२३ मध्ये दोन दिवस इथल्या शाळा दुपारी बाराला सोडल्या होत्या याच कारणाने. अशा दिवशी हवा त्यातल्या त्यात कोरडी असते, म्हणजे तुझे अकोल्याचे नियम थोडेफार लागू, अंग झाक आणि दुपारी निघूच नकोस. इथली दुकानं १ ते ४ बंद असतात त्याला बाहेरचे लोक आळस म्हणतात. म्हणू देत.

पाण्याचं. दोन लिटरची बाटली संपवते असं सांगतेस, छान, पण नुसतं पाणी ढोसत राहिलीस आणि मीठ गेलंच नाही तर डोकं जड होतं, मळमळतं, आणि तू समजतेस अजून पाणी कमी पडलं म्हणून अजून पितेस. घामातून मीठ जातं ते परत घालावं लागतं. इथली जुनी माणसं सकाळी दहा-अकराला पेज घेतात, उकड्या तांदळाची, मीठ घालून, बरोबर लोणच्याची फोड किंवा सुक्या माशाचा तुकडा. तुला पेज आजारी माणसाचं खाणं वाटेल, मलाही सासूबाईंनी पहिल्यांदा वाटी पुढे केली तेव्हा मी नाक मुरडलं होतं, आता उन्हाळ्यात तिच्याशिवाय घराबाहेर पडत नाही. पाणी, मीठ, स्टार्च, तिन्ही एका वाटीत. बॅगेत ओआरएसची पाकिटं ठेव, मेडिकलमधली, ज्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय ती, फळांच्या चवीचे गोड खोके नकोत. पाकीट नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, आणि माप बरोबर घे. कोकम सरबत, शहाळं, लिंबूसोडा मीठ घालून, सगळं चालेल. तहान लागेपर्यंत थांबू नकोस, आणि बाथरूमला गेल्यावर रंग बघायची सवय लाव, गडद पिवळी म्हणजे तू मागे पडलीस.

आणि हो, उर्राक, ती काजूच्या बोंडांची दारू. काजूचा सीझन आहे, ऑफिसची टोळी रविवारी तुला सत्तरीत नाहीतर सांग्याला घेऊन जाणारच, लिम्का, मीठ आणि चिरलेली मिरची घालून देतील, सरबतासारखी उतरते. मी नको म्हणणार नाही, पण त्या दिवशी गाडी घरी. पोलिसांचं सोड, दारू अंगातलं पाणी बाहेर काढते आणि उन्हात ती दुप्पट चढल्यासारखी होते.

आता हे लक्ष देऊन वाच. ऊन लागलं हे आपलं आपल्याला उशिरा कळतं, कारण कळायला जे डोकं लागतं तेच आधी मंद होतं. इंडिकेटर चालू राहिलाय आणि लक्षात आलं नाही, दुसऱ्याऐवजी चौथा गिअर पडला, रोजचं वळण चुकलं, समोरच्यावर उगाच भडकलीस, असं काही झालं तर तेवढ्यावरच थांब. पुढचं झाड, पुढचं दुकान, लाज नको. आपल्याकडे सांगतात की कातडी कोरडी गरम पडली म्हणजे ऊन लागलं, पण गाडीवर, कामात, दमटपणात माणूस घामाने निथळत असताना पण उष्माघात होतो, त्यामुळे घाम येतोय म्हणजे मी ठीक आहे असं धरू नकोस. बरोबरची कुणी असंबद्ध बोलायला लागली, पाय लटपटले, तर सावलीत ने, जॅकेट-बूट काढ, अंगावर पाणी ओत आणि वारा घाल, मान-काख-जांघेत बर्फ, आणि १०८ लाव. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. आणि रात्री नीट झोप झाली नसेल, इथे रात्रीही २७ च्या खाली उतरत नाही कधीकधी, तर दुसऱ्या दिवशी बसने जा. कदंबा आहे की.

गाडीचं फार नाही. टायरची हवा सकाळी गाडी गार असताना बघायची, दुपारी जास्त दाखवते म्हणून सोडायची नाही, ती तापल्यामुळे वाढलेली असते. फुल टँक केली तर उन्हात स्फोट होतो हा मेसेज तुझ्या बाबांनीच ग्रुपवर टाकला होता, इंडियन ऑइलने स्वतः खुलासा केलाय की असं काही नाही, कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत बिनधास्त भर, फक्त झाकणाच्या गळ्यापर्यंत ठासू नकोस. साइड स्टँडखाली एक चपटी फरशी किंवा जाड पत्रा ठेव, नवीन डांबर दुपारी मऊ होतं, स्टँड हळूहळू रुततो, आणि तुझी दोनशे किलोच्या आसपासची गाडी परत उभी करायला कुणाला तरी हाक मारावी लागेल.

सुट्टीत गाडीनेच अकोल्याला जायचं म्हणतेस. जा, पण एका दमात नको, सोलापूरला मुक्काम कर. पहाटे पाचला निघ, केरीवरून चोर्ला घाट चढलीस की वर गार वाटेल, जांबोटीपर्यंत मजेत जाशील, आणि तिथेच लोक फसतात. बेळगावच्या पुढे हवा कोरडी होत जाते, विजापूर-सोलापूरकडे वारा अंगाला भाजायला लागला की समज आपलं राज्य आलं. तिथे थांब, जाळीच्या जॅकेटवर तो तुझा सनकोट चढव, काच खाली कर, आणि टी-शर्ट ओला करून घाल, आता तो वाळेल आणि गारही करेल. स्टोलही तिथेच बाहेर काढ. घाम दिसेनासा होईल, म्हणजे तो येत नाही असं नाही, उडतोय, तर पाणी इथल्यापेक्षा जास्त प्यावं लागेल. अकरा ते चार ढाब्यावर खाट पकड. येताना हेच सगळं उलटं.

परत येशील तोवर वळवाचे पाऊस सुरू झालेले असतील. पहिल्या सरीत रस्त्यावर सांडलेलं तेल आणि लाल माती मिळून जो चिखल होतो तो साबणासारखा, पहिली पंधरा-वीस मिनिटं कुठेतरी आडोशाला काढ, रस्ता धुऊन निघू दे, मग चल.

जॅकेट विकत घ्यायच्या आधी फोंड्याला येऊन जा. माझं जुनं जाळीचं पडलंय कपाटात, मला आता पोटावर बसत नाही, तुला खांद्यात झालं तर घेऊन जा, फक्त कोपराचे पॅड नवीन टाक. आणि येशील ती सकाळी ये, पेज ठेवते.

तुझी,
मावशी