१८२० च्या दशकातल्या न्यू मेक्सिकोवर मुलांसाठी गोष्ट लिहितेय. आई वारलेली मुलगी सावत्र आईला स्वीकारते, हे खरं कसं वाटेल?

घाई करू नका, हे आधी सांगते. १८२१ मध्ये मेक्सिको (न्यू मेक्सिको तेव्हा त्याचाच भाग) स्वतंत्र झाला, सांता फेच्या वाटेनं अमेरिकेतल्या मिसुरीचे व्यापारी यायला लागले, हे ओझरतं येऊ द्या. मुलीचं जग म्हणजे मातीच्या विटांचं घर, अंगणातली घुमटासारखी ओर्नो भट्टी, शेताला पाणी नेणारा पाट. तिथेच आई आठवते. मेटाटेवर (आपल्या पाट्यासारखाच दगड) मका वाटताना नव्या बाईच्या हाताची लय वेगळी, तेच मुलीला खुपतं. मग आईनं अर्धवट सोडलेलं लोकरीचं कोल्चा भरतकाम दोघी पुढे नेतात. आईचे टाके मात्र उसवू नका! ‘मामा’ही (स्पॅनिशमध्ये ‘आई’) लगेच म्हणायला लावू नका, ‘दोन्या’ (बाईच्या नावाआधी आदरानं लावायचा स्पॅनिश शब्द) लावून नावानं हाक मारू दे.