कसोटी, निकष आणि पडताळणी

वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये डेटाबेस मॉडेलच्या फील्डसाठी लिहिल्या जाणाऱ्या युनिट टेस्टला मराठीत 'एकक पडताळणी' म्हणावे का, असा प्रश्न आला आहे. म्हणू नये. (मॉडेल म्हणजे डेटाबेसमधील तक्त्याचे प्रोग्राममधले वर्णन, फील्ड म्हणजे त्या तक्त्याचा एक स्तंभ आणि युनिट टेस्ट म्हणजे प्रोग्रामचा एक लहानसा भाग वेगळा काढून तपासणारा कोड.) 'टेस्ट' आणि 'व्हॅलिडेशन' या दोन्हींसाठी सर्रास 'पडताळणी' वापरण्याची जी सवय लागली आहे, तिने शब्दांचे तर नुकसान होतेच, पण त्याहून अधिक नुकसान कामाचे होते. शीर्षकाच्या फील्डमध्ये शंभरपेक्षा जास्त अक्षरे आली तर ती नाकारणे ही पडताळणी आहे आणि ती प्रोग्राम स्वतः करतो. ती पडताळणी खरोखर होते की नाही हे मुद्दाम एकशे एक अक्षरे देऊन पाहणे ही टेस्ट आहे आणि ती आपण करतो. या दोन क्रियांना एकच नाव दिले की 'पडताळणी केली आहे' या वाक्यातून नेमके काय केले आहे ते कोणालाच कळत नाही.

टेस्टसाठी मराठीत उत्तम शब्द आहे, तो म्हणजे 'कसोटी'. संस्कृतातील 'कष्' या धातूचा अर्थ घासणे, खरवडणे असा आहे. त्यावरून सोने घासून पाहण्याची पट्टी ती 'कषपट्टिका' आणि तिचीच झीज होत होत आपली 'कसोटी' झाली. 'निकष' हा शब्दही याच धातूचा असून त्याचा मूळ अर्थ नियम किंवा अट असा नाही, तर सोने घासून पाहण्याचा तोच काळा दगड असा आहे. 'कस लागणे' आणि 'बावनकशी' हीसुद्धा याच घराण्यातली मंडळी. विशेष आनंदाची गोष्ट अशी की इंग्रजी 'टेस्ट' हा शब्दही लॅटिनमधील मातीच्या भांड्याच्या नावावरून आला आणि प्रारंभी तो मौल्यवान धातूंचा शुद्धपणा ठरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लहानशा पात्राचा वाचक होता. दोन दूरच्या भाषांनी हा शब्द धातू पारखणाऱ्याच्या हत्यारांतून उचलला असताना आपण त्याच्यासाठी कचेरीतल्या कागदपत्रांचा शब्द का शोधावा?

कसोटीच्या दगडावर एकच रेघ ओढून भागत नाही. शुद्धता आधीच ठाऊक असलेल्या सोन्याची एक रेघ आणि तपासायच्या सोन्याची दुसरी रेघ शेजारी शेजारी ओढून दोन्हींचे रंग ताडून पाहावे लागतात. युनिट टेस्टमध्ये अपेक्षित किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत अशीच समोरासमोर ठेवली जाते. म्हणूनच फील्डच्या घोषणेत लिहिलेली 'मॅक्स लेंग्थ' (कमाल लांबी) वाचून ती शंभर आहे एवढेच सांगणारी टेस्ट मला कसोटी वाटत नाही, कारण तिथे दोन्ही रेघा एकाच तुकड्याच्या असतात.

जँगो या पायथॉन भाषेतल्या वेब चौकटीमध्ये हा भेद फार स्पष्ट दिसतो. मॉडेलचे 'सेव्ह' (नोंद साठवणारे फंक्शन) बोलावले म्हणून 'फुल क्लीन' (पडताळणी करणारे फंक्शन) आपोआप चालत नाही आणि एसक्यूलाइट हा डेटाबेस अक्षरांची ठरवलेली मर्यादा स्वतःहून पाळत नाही. त्यामुळे एकशे एक अक्षरांचे शीर्षक तिथे निमूटपणे साठवले जाते, तर पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर तेच साठवताना त्रुटी येते. 'ब्लँक' (फील्ड रिकामे सोडू द्यावे का) आणि 'नल' (स्तंभात किंमतच नसणे चालावे का) या पर्यायांचीही गल्लत अशीच होते. पहिल्याचा संबंध पडताळणीशी आहे, दुसऱ्याचा डेटाबेसच्या स्तंभाशी, म्हणून दोन्हींच्या कसोट्या वेगळ्या लिहाव्या लागतात. 'युनिक' (किंमत पुन्हा येऊ नये) या अटीसाठी तर एकसारख्या दोन नोंदी डेटाबेसपर्यंत नेऊन दुसरी नाकारली जाते हे पाहिल्याशिवाय भरवसा ठेवू नये.

यावर सॉफ्टवेअर टेस्टिंगवर लिहिणारे मायकेल फेदर्स यांनी २००५ मध्ये मांडलेला नियम पुढे केला जाईल की डेटाबेसशी बोलणारी टेस्ट ही युनिट टेस्टच नव्हे. सर्वसाधारण कोडसाठी तो नियम योग्य आहे, पण मॉडेलच्या फील्डला तो लावणे मला साफ चुकीचे वाटते. फील्डचे अर्धे वर्तन डेटाबेसमध्येच घडते, ते वगळून उरलेल्या अर्ध्याला 'युनिट' म्हणण्यात काय हशील? शिवाय जँगो टेस्टसाठी वेगळा डेटाबेस उभारतो आणि त्याच्या 'टेस्टकेस' या टेस्ट लिहिण्याच्या साच्यामधील प्रत्येक टेस्ट संपताच तिचे बदल मागे घेतो, त्यामुळे एका टेस्टचा डाग दुसरीला लागण्याची भीतीही बव्हंशी उरत नाही.

'एकक' हा शब्द मीटर, किलोग्रॅम अशा मोजमापांसाठी रुळलेला आहे आणि युनिट टेस्टमधले 'युनिट' मोजमापाचे नसून वेगळा काढून तपासता येणाऱ्या लहानात लहान भागाचे नाव आहे, म्हणून तिथे 'घटक' बरा. 'शीर्षकाच्या फील्डसाठी घटक कसोटी लिहिली आणि लांबीची पडताळणी होत नसल्याचे तिच्यात आढळले' असे वाक्य लिहिले तर दोन्ही शब्द आपापल्या जागी राहतात आणि दुरुस्ती कुठे करायची तेही कळते.