सगळ्याच कामांना डबल शिफ्ट कशाला?

प्रश्न : ताई, नमस्कार. फलटणजवळ आमच्या रानात मंगल कार्यालयाचं काम चालू आहे. तुळशीचं लग्न झालं की लगेच पहिली तारीख दिलीय आणि दिवाळीची सुट्टी वजा जाता हातात कामाचे ६० दिवस उरलेत. हॉलचं राहिलेलं काम असं, कैच्या (छपराचे लोखंडी सांगाडे) उभ्या करून पत्रे टाकणे २० दिवस, मग सीलिंग आणि लाइट फिटिंग १८, मग फरशी २४, शेवटी रंग १०. शेजारी किचनचा वेगळा ब्लॉक आहे, त्याचं सेंटरिंग, सळई आणि स्लॅब भरणे १४ दिवस, टेकू १४ दिवस, प्लास्टर-टाइल्स १७ आणि गॅसलाइन-चिमणी १२. पार्किंगचे पेव्हर ब्लॉक आणि कंपाउंड ३० दिवसांचं आहे, ते कधीही करता येतं. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय वरचे ६ लाख द्या, सगळीकडे डबल शिफ्ट लावतो, किचनच्या स्लॅबचे टेकू आठ दिवसांत काढतो, ५५ दिवसांत चावी घ्या. मी मिस्त्र्यांना एकेकट्याला पण विचारून ठेवलंय. कैच्या २० च्या १५ दिवसांत करायला ६० हजार जास्त, सीलिंग १८ चं १४ ला ४० हजार, फरशी २४ ची १६ ला ३२ हजार, रंग १० चा ८ ला ६ हजार. बँकेचं कर्ज ८० लाख, व्याज साडेदहा टक्के. किचनच्या स्लॅबचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) १६ फुटाचा आहे. ६ लाख द्यावेत का?

उत्तर : दादा, आधी स्लॅबचं बोलते, बाकी सगळं नंतर. टेकू आठ दिवसांत काढू देऊ नका. १६ फूट म्हणजे जवळपास ४.९ मीटर, आणि आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात साडेचार मीटरच्या वरच्या गाळ्याला स्लॅबचे टेकू किमान १४ दिवस ठेवायला सांगितलेत, खाली ६ मीटरपर्यंतचा बीम असेल तर त्यालाही १४, त्याहून लांब बीम असेल तर २१. आणि हे आकडे साधं ओपीसी (ऑर्डिनरी पोर्टलंड) सिमेंट धरून आहेत, तुमच्याकडे पीपीसीच्या (राख मिसळलेल्या सिमेंटच्या) गोण्या आल्या असतील तर ते ताकद हळू धरतं, तेव्हा इंजिनिअरला विचारून आणखी थांबायचं, पाणी मारायचं पण सातच्या ऐवजी किमान दहा दिवस. तुम्ही माणसं वाढवा, रात्रीचे लाइट लावा, डबल हजेरी द्या, स्लॅबला त्यातलं काहीच कळत नाही, त्याला फक्त दिवस आणि पाणी लागतं. खरंच टेकू लवकर काढायचे असतील तर लवकर ताकद धरणारं काँक्रीट वापरून, त्याच्या नमुन्याचे ठोकळे (क्यूब) फोडून ताकद बघून, स्ट्रक्चरल इंजिनिअरने सही करून लेखी दिलं तरच. कॉन्ट्रॅक्टरच्या तोंडी शब्दावर नाही. त्या स्लॅबखाली उद्या आचारी उभे राहणार आहेत.

आता कॉन्ट्रॅक्टरचे ५५ दिवस बघू. तुमच्याच आकड्यांनी किचनची बेरीज करा, १४, १४, १७, १२, झाले ५७. टेकूला हात न लावता ५५ आणायचे म्हटले तर प्लास्टर नाहीतर चिमणीतून दोन दिवस काढावे लागतात, आणि त्याने तर तुम्हाला टेकूचंच नाव सांगितलंय.

हॉलची बेरीज ७२ येते. म्हणजे तुमचं कार्यालय कधी उघडणार ते हॉल ठरवतो, किचन नाही, पार्किंग तर अजिबात नाही. एकामागून एक चालणाऱ्या कामांच्या या सगळ्यात लांब साखळीला आमच्याकडे क्रिटिकल पाथ म्हणतात. पार्किंगचे ब्लॉक ३० ऐवजी १५ दिवसांत बसले तरी लग्न एक दिवससुद्धा अलीकडे येत नाही, पण त्या डबल शिफ्टचे पैसे मात्र ६ लाखांत धरलेले आहेत. ही पद्धत ज्यांनी बसवली त्यांच्यासमोरही हाच घोळ होता बरं का. अमेरिकेतल्या ड्यूपाँट या केमिकल कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड या कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीचे जेम्स केली यांनी १९५९ साली त्यावर निबंध मांडला, आणि त्यातला मुख्य मुद्दा तुमच्याच प्रश्नाचा आहे, की काम मागे पडलं की सरसकट सगळीकडे ओव्हरटाइम लावायचा नाही, साखळीतली जी मोजकी कामं कमी पैशात आटपतात तेवढीच आटपायची.

मग साखळीतला एक दिवस विकत घ्यायला काय पडतं ते काढा. जास्तीचे पैसे भागिले वाचलेले दिवस, बस. रंगाचे ६ हजारात २ दिवस म्हणजे दिवसाला ३ हजार. फरशी ३२ हजारात ८ दिवस, दिवसाला ४ हजार. सीलिंग १० हजार, कैच्या १२ हजार. आणि दुसरीकडे काम रखडल्याचा रोजचा खर्च. ८० लाखांवर साडेदहा टक्क्यांनी व्याज दिवसाला साधारण २,३०० होतं, वॉचमन, सुपरवायझर, जनरेटर आणि स्कॅफोल्डिंगचं भाडं मिळून तुमच्यासारख्या साइटला मी २,७०० धरते, तुमचा खरा आकडा वहीतून बघा. झाले ५ हजार. म्हणजे ५ हजाराच्या आत मिळणारा प्रत्येक दिवस स्वतःचे पैसे स्वतःच काढतो, त्याला फार विचार करायला नको. त्यावरचा दिवस घ्यायचा की नाही ते त्या दिवशी बुकिंग आहे का त्यावर ठरवायचं.

तुम्हाला १२ दिवस कमी करायचेत. पुस्तकी उत्तर सरळ आहे, रंगाचे २, फरशीचे ८, सीलिंगचे २, एकूण ५८ हजार, आणि १२ दिवसांचा रोजचा खर्च वाचला ६० हजार. पण मी तुमच्या जागी असते तर रंगाचे दोन दिवस आत्ता खर्ची घातले नसते. रंग सगळ्यात शेवटी येतो, दिवाळीनंतर, आणि टोळीतली मुलं छटपूजेला गावी गेलेली असली तर रविवारी येतो म्हणून पुढच्या शुक्रवारी उगवतात हे आपण सगळ्यांनीच बघितलंय. तेव्हा सीलिंगचे चारही दिवस घ्या आणि फरशीचे आठ, होतात ७२ हजार. १४ हजार जास्त गेले पण शेवटचे दोन स्वस्त दिवस हातात राखीव राहिले. कैच्यांच्या नादी लागू नका, १२ हजाराला एक दिवस महाग आहे आणि वर उंचीवर घाईत वेल्डिंग करायला लावायची माझी तयारी नाही.

एक लक्षात ठेवा, हॉल ६० वर आला की किचन ५७ वर असल्याने मोकळीक फक्त ३ दिवसांची उरते. आज ती १५ दिवसांची आहे म्हणून तिकडे कुणाचं लक्ष नसेल. स्लॅब भरायला पावसामुळे चार दिवस उशीर झाला तर मग किचनच तुम्हाला अडवणार, आणि हॉलवर घातलेले पैसे वाया. म्हणून या आठवड्यात बाकी काही झालं नाही तरी चालेल पण किचनचं सेंटरिंग सुरू झालं पाहिजे.

फरशीच्या मिस्त्रीला मात्र साइटवर उभं करून विचारा की दुसरी टोळी कुठून सुरू करणार. स्टेजकडून एक आणि गेटकडून एक असं असेल तर मधोमध दोघांची लेव्हल आणि सांधे जुळले पाहिजेत, त्यासाठी आधी एकच दोरी आणि एकच लेव्हल दोघांना मारून द्यावी लागते. आणि टाइल्सचा सगळा माल एकाच बॅचचा, एकदमच उतरवून घ्या. माल नाही म्हणून दोन टोळ्या बसून राहिल्या तर हजेरी दुप्पट जाते. एवढं जमणार असेल तरच ते ८ दिवस खरे.

पैसे द्यायची पद्धत पण बदला. ६ लाख देऊच नका, जे जास्तीचे द्याल ते तारखेला बांधा. १७ जानेवारी १९९४ ला लॉस एंजेलिसला भूकंप झाला, सांता मोनिका फ्रीवेचे पूल पडले, तेव्हा सरकारने १४० दिवसांचं कंत्राट दिलं आणि लवकर झालं तर रोज २ लाख डॉलर बक्षीस, उशीर झाला तर तेवढाच दंड असं लिहून घेतलं. कंत्राटदाराने रात्रंदिवस पाळ्या लावून काम ६६ दिवसांत उरकलं आणि १ कोटी ४८ लाख डॉलर बक्षीस नेलं, तरी सरकारला ते परवडलं कारण रस्ता बंद असल्याचं रोजचं नुकसान त्याहून कितीतरी मोठं धरलं होतं. तुमच्या हिशोबात तेच करायचं, ६० व्या दिवसाआधी हॉल दिला तर रोज ४ हजार, नंतर दिला तर रोज ४ हजार कापणार. तुमचा रोजचा खर्च ५ हजार आहे म्हणून बक्षीस त्याच्या आतलंच ठेवा. आणि टेकू, पाणी मारणं, वायरिंगची टेस्ट यातलं काही गाळलेलं दिसलं तर बक्षीस नाही, हेही त्याच कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे. क्लायंटला सॉफ्टवेअर दोन आठवडे लवकर हवंय, पैसे द्यायला तयार आहे. मॅनेजर पाच जणांच्या टीममध्ये चार नवीन डेव्हलपर घालतोय. उपयोग होईल का?

उत्तर : काम संपायला पाच-सहा महिने असते तर कदाचित. शेवटच्या दीड-दोन महिन्यांत मला अवघड वाटतं. फरशीला दुसरी टोळी वेगळ्या कोपऱ्यात बसते, कोडमध्ये तसा वेगळा कोपरा सहसा नसतो. पाच जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या १० होतात, नऊ जणांत ३६, आणि नवीन चौघांना शिकवायला तुमच्यातलेच जुने जाणकार अडकतात, जे नेमके साखळीवर आहेत. मॅनेजरला विचारा की गेल्या महिन्यात टीम कशाची वाट बघत बसली होती. बहुतेक वेळा टेस्टिंगचा एकच सर्व्हर असतो आणि सगळे रांगेत असतात, नाहीतर क्लायंटकडून मंजुरी यायला चार-चार दिवस जातात. क्लायंटचे पैसे दुसऱ्या सर्व्हरवर आणि एका अनुभवी टेस्टरवर घाला, आणि क्लायंटने त्यांचा एक माणूस रोज तासभर तुमच्यासोबत बसवावा असं मागून घ्या, त्याला तर पैसेही लागत नाहीत.